प्रत्यक्ष वास्तव्य पाहणी

कवळीवाल्यांच्या घरात खोल्या दोन, माणसं पाच आणि जबडे एकशे चाळीस होते. जबडे प्लास्टरचे असल्यामुळे त्यांची काही तक्रार नव्हती. अडचण माणसांची होत होती.

दारावरच्या पाटीवर ‘दंततंत्रज्ञ’ असं लिहिलेलं होतं, पण अख्खा रस्ता त्यांना कवळीवाले म्हणूनच ओळखत असे. डॉक्टरांनी दात काढायचे आणि यांनी ते परत करायचे, अशी कामाची वाटणी तीस वर्षं बिनबोभाट चालली होती. जुनी गिऱ्हाईकं तर डॉक्टरांना वगळून थेट यांच्याकडेच येत. स्वभावाने सरळ माणूस, कुणाच्या अध्यात ना मध्यात. नवी कवळी बसवून आरसा पुढे धरला आणि समोरचा हसला, की त्यांचा दिवस सार्थकी लागे.

त्यांची लेक ज्या इमारतीत राहत होती, ती रस्ता रुंद करण्यासाठी रिकामी करण्यात आली. रस्ता रुंद झाला नाही, पण इमारत रिकामी झाली. लेक, जावई आणि पाच महिन्यांची नात बिछाने, पाळणा आणि एक कपाट घेऊन आली. कपाट दारातून आत जाईना, म्हणून ते परसात राहिलं. जावई आत गेला, पण त्याला कामाच्या खोलीत, जबड्यांच्या फळीखाली झोपावं लागे. पहाटे डोळा उघडला की एकशे चाळीस जबडे वरून त्याच्याकडे बघून हसत असत. जावई सभ्य होता. तो कधी काही बोलला नाही. फक्त त्याचं स्वतःचं हसणं हळूहळू बंद झालं.

“अहो, मागं एवढी जागा पडलीय,” बायको एकदा भांडी घासता घासता म्हणाली. “दोन खोल्या काढू या की पोरीसाठी.”

मागं खरोखरच जागा होती. चाळीस फूट लांब, तीस फूट रुंद, त्यात एक लिंबाचं झाड, कपडे वाळत घालायची तार, ते कपाट आणि बाकी गवत. कवळीवाल्यांनी स्वतःच्या हाताने नकाशा काढला. ज्या माणसाच्या कामात केसभर फरक पडला तर गिऱ्हाइकाची हिरडी सोलते, त्याचा नकाशा कसा असेल! दोन खोल्या, एक व्हरांडा, लिंबाच्या झाडाकडे उघडणारी खिडकी. बायकोने मागे उभं राहून सूचना केल्या.

“ओटा नेहमीपेक्षा दोन बोटं वर घ्या. पोर उंच आहे, वाकून वाकून कंबर धरेल तिची.”

ओटा दोन बोटं वर घेतला. नकाशा अर्जाला जोडला आणि अर्ज बांधकाम परवानगी कार्यालयात दिला.

अर्ज दिला तेव्हा नात पालथी पडत होती. उत्तर आलं तेव्हा ती चालत दारापर्यंत गेली आणि पोस्टमनच्या हातून लिफाफा तिनेच घेतला.

“आपला अर्ज सहानुभूतिपूर्वक तपासण्यात आला असून खालील कारणांस्तव नामंजूर करण्यात येत आहे,” कवळीवाल्यांनी मोठ्याने वाचायला सुरुवात केली. “एक : प्रस्तावित घर हे विद्यमान घराच्या मागे येते. दोन : विद्यमान घर हे प्रस्तावित घराच्या पुढे येते. तीन : विद्यमान घराच्या खिडकीतून प्रस्तावित घरातील रहिवासी दृष्टीस पडून उभय कुटुंबांच्या खाजगीपणास बाधा पोहोचेल. चार : सदर परसभूमीची मोकळी, शांत व निरुपयोगी प्रकृती हा परिसराचा ठेवा असून तो जपणे आवश्यक आहे.”

“खाजगीपणास म्हणजे?” बायकोने विचारलं.

“म्हणजे आपण खिडकीतून लेकीच्या घरात बघू.”

“बाबा,” लेक म्हणाली, “काल रात्री तुम्ही झोपेत तीनदा ‘खालची दाढ, खालची दाढ’ म्हणालात.”

“तू जागी होतीस?”

“तुमचं कोपर माझ्या उशीवर होतं.”

कवळीवाले दुसऱ्या दिवशी कामाला सुट्टी देऊन कार्यालयात गेले. चार नंबरच्या खिडकीवरच्या बाईंनी त्यांचं सगळं म्हणणं मान हलवत ऐकून घेतलं.

“आम्ही घराच्या विरुद्ध नाही आहोत काका,” त्या म्हणाल्या.

“मग?”

“मागच्या विरुद्ध आहोत.”

“मग पुढं बांधू?”

“पुढं रस्ता आहे ना.”

“मग बांधू तरी कुठं?”

“हा प्रश्न तुम्ही अर्जात विचारलेला नाही,” बाई म्हणाल्या, आणि अर्जात न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देणं हा इतर अर्जदारांवर अन्याय होईल, हेही त्यांनी समजावून सांगितलं. मग त्यांनी नस्ती उघडून शेजाऱ्यांच्या हरकतींचा कागद दाखवला. खाली सात सह्या होत्या. त्या सात जणांपैकी पाच जणांचे दात कवळीवाल्यांनी केलेले होते.

पहिली सही शेजारच्या बँकवाल्यांची होती. कवळीवाले घरी न जाता थेट त्यांच्याकडे गेले.

“तुमच्याविरुद्ध मुळीच नाही हो,” बँकवाले म्हणाले आणि वरच्या सहा दातांनी प्रसन्न हसले. ते दात इतके सुरेख बसले होते की कवळीवाल्यांना रागावणं जड गेलं. “तत्त्वाचा प्रश्न आहे.”

“पण तुम्ही स्वतः तुमच्या वडिलांच्या घरामागं बांधून राहता!”

“म्हणून तर. मागं राहणं म्हणजे काय, ते मला विचारा. तुमच्या पोरीवर ती वेळ येऊ नये, एवढाच माझा हेतू.”

कवळीवाल्यांनी अपील केलं. अपिलाच्या नियमाप्रमाणे स्थळपाहणी करावी लागते, म्हणून एका मंगळवारी पाहणी अधिकारी आले. ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी आले, हाच पहिला धक्का होता. हडकुळे, टापटीप गृहस्थ, हातात नस्ती, बगलेत घडीचं स्टूल.

“चहा टाकू?” बायकोने विचारलं.

“पाहणी चालू असताना चहा घेता येत नाही.”

“निदान पाणी?”

“पाणी अभिप्रायानंतर.”

माणूस सचोटीचा होता यात शंका नव्हती. त्यांनी परसाची लांबी-रुंदी मोजली, झाड एक असल्याची नोंद केली, कपाट उघडून त्यात कुणी राहत नसल्याची खात्री केली. मग लिंबाच्या सावलीत स्टूल मांडून ते बसले आणि पाहू लागले. एक तास गेला. दोन तास गेले. तिसऱ्या तासाला त्यांचे डोळे मिटले, पण पाहणी चालूच असावी, कारण हातातलं पेन त्यांनी खाली ठेवलं नव्हतं.

“इथं नेहमी असंच असतं?” डोळे न उघडता त्यांनी विचारलं.

“कसं साहेब?”

“म्हणजे... कुणाच्या मिक्सरचा आवाज नाही. वरच्या मजल्यावर कुणी खुर्ची ओढत नाही.” त्यांनी पाय लांब केले. “माझ्या घरी खिडकी उघडली की समोरच्या इमारतीची भिंत. हात लांब केला तर तिचा गिलावा निघतो.”

“कुठं राहता साहेब?”

“कार्यालयाच्या निवासस्थानात. नववा मजला. दोन्ही इमारतींचे नकाशे मीच मंजूर केले होते,” ते म्हणाले. त्यांच्या आवाजात ना अभिमान होता ना पश्चात्ताप.

कवळीवाल्यांचा जीव भांड्यात पडला. ज्याला अडचण माहीत आहे तो अडचण समजून घेईल, असं त्यांना वाटलं. संध्याकाळी ते बायकोला म्हणालेही, “माणूस चांगला आहे गं. डोळे मिटले होते, पण मनापासून बघत होता.”

निकाल पंधरा दिवसांत आला. “स्थळ प्रत्यक्ष पाहिले. अत्यंत रमणीय आहे. सबब अपील फेटाळण्यात येत आहे. फेटाळलेल्या जागेवर बांधकाम होत नसल्याची खातरजमा दर मंगळवारी करण्यात येईल.”

दर मंगळवारी खातरजमा होऊ लागली. अधिकारी सकाळी दहाला येत, सावलीबरोबर स्टूल सरकवत आणि साडेपाचला ‘बांधकाम आढळले नाही’ असा शेरा मारून जात. मंगळवारी तारेवर कपडे घालायचे नाहीत, कारण त्याने पाहणीत अडथळा येतो. नातीने रडायचं नाही, कारण नोंद घ्यावी लागते. जावयाने सुट्टीच्या दिवशी झाडाखाली पडायचं म्हटलं तर तिथं साहेब. असे बेचाळीस मंगळवार झाले. नात बोलायला लागली. ‘बाबा’, ‘आजी’ हे शब्द तिला आधी आले आणि ‘साहेब’ हा तिसरा.

बेचाळिसाव्या मंगळवारी बायकोचा पारा चढला.

“बसून काय कळतंय त्यांना? पाच माणसं दोन खोल्यांत कशी राहतात ते बसून कळतं का? राहून बघा म्हणावं एकदा! आमच्या जावयाच्या जागी, त्या फळीखाली!”

कवळीवाल्यांना भांडता येत नसे, पण त्या संध्याकाळी त्यांच्या अंगात काय संचारलं कोण जाणे. दुसऱ्या अपिलाच्या शेवटी त्यांनी एक ओळ घातली : ‘वास्तव्याचा परिणाम केवळ बसून कळत नाही, त्यासाठी राहून बघावे.’ दोनदा वाचून पाहिली. चांगलाच टोमणा बसला होता. आयुष्यातला पहिलाच टोमणा, तोही लेखी. त्यांना त्या रात्री झोप छान लागली.

पण कार्यालयात टोमण्यासाठी रकाना नसतो, सूचनेसाठी असतो. ओळ सूचनेच्या रकान्यात गेली आणि महिन्याभरात उत्तर आलं. “अर्जदाराने केलेली सूचना स्वागतार्ह आहे. सदर परसभूमीवर प्रत्यक्ष वास्तव्य पाहणी करण्याचे योजिले आहे. अर्जदाराने सहकार्य करावे.”

पाहणी अधिकारी पुढच्या मंगळवारी तंबू घेऊन आले.

आठवडाभर ते तंबूत राहिले आणि त्यांची पाठ धरली. आखडलेल्या पाठीने केलेली पाहणी निःपक्षपाती राहत नाही, असं त्यांनी वरिष्ठांना कळवलं. वरिष्ठांनी नियमावली काढली. कार्यालयाच्या तात्पुरत्या बांधकामाला परवानगी लागत नाही, असं तिथं स्पष्ट लिहिलेलं होतं. सोमवारी गवंडी आले.

कवळीवाले खिडकीतून बघत राहिले. पाया चुन्याने आखला गेला, तसे ते चपला न घालताच बाहेर धावले.

“अहो मुकादम, हे... दोन खोल्या, पुढं व्हरांडा... हा नकाशा कुणाचा?”

“नस्तीत होता,” मुकादम म्हणाला.

“पण तो नामंजूर केलेला आहे!”

“घर म्हणून नामंजूर आहे,” अधिकाऱ्यांनी समजावलं. “पाहणीचं साधन म्हणून त्याला हरकत नाही. शिवाय फार काळजीपूर्वक काढलेला नकाशा आहे हो. कुणी काढला?”

“मी.”

“वा!” अधिकारी म्हणाले, आणि मनापासून म्हणाले.

सात आठवड्यांत साधन उभं राहिलं. खिडकी लिंबाच्या झाडाकडे उघडत होती. ओटा दोन बोटं वर होता. बायको ओट्यावरून एकदा हात फिरवून आली.

पुढची अडचण अधिकाऱ्यांच्याच आधी लक्षात आली, कारण ते खरोखरच सूक्ष्म विचार करणारे होते. अर्ज कुटुंबासाठी होता आणि राहत होते ते एकटे. एकट्या माणसाचं वास्तव्य म्हणजे कुटुंबाचं वास्तव्य नव्हे. अर्जातल्या कुटुंबात माणसं तीन होती, तेव्हा त्यांनी स्वतःच्या बायकोला आणि सासूबाईंना बोलावून घेतलं. साहेबांची बायको कवळीवाल्यांच्या लेकीपेक्षा वीतभर ठेंगणी होती. पाटावर उभी राहून ती भाजी चिरायची.

“वहिनी, हा ओटा कुठल्या मेल्याने इतका उंच केलाय?” तिने एकदा कुंपणावरून विचारलं.

“असतात एकेक,” कवळीवाल्यांची बायको म्हणाली आणि आत निघून गेली.

कवळीवाले पुन्हा बँकवाल्यांकडे गेले. आता तरी यांच्या तत्त्वाला जाग येईल, अशी त्यांची समजूत होती.

“आता घ्या की हरकत! मागं घर झालं. माणसं राहायला लागली.”

“घर कुठं झालं? पाहणी चाललीय.”

“त्यात चूल पेटते, कपडे वाळतात, साहेबांच्या सासूबाई घोरतात!”

“वास्तव्य पाहणी म्हटल्यावर वास्तव्य आलंच,” बँकवाले म्हणाले. मग ते जरा पुढे झुकले. “आणि खरं सांगू? साहेब शेजारी आल्यापासून आमच्या गटाराचं काम झालं. उगाच वाकडं कशाला घ्या?”

हरकतीवर सही करणारे सातही जण आता संध्याकाळी साहेबांच्या व्हरांड्यात बसत. कवळीवाले पुढच्या घरातून त्यांचं हसणं ऐकत. कोणते दात कुणाचे, हे त्यांना नुसत्या आवाजावरून कळत असे.

साहेब दर महिन्याला अहवाल पाठवत. ‘वास्तव्य सुखद आहे. निष्कर्ष अद्याप हाती आलेला नाही.’ दोन वर्षं निष्कर्ष हाती आला नाही. फळीखाली झोपून झोपून जावई दिवसाही मान खाली घालून चालायला लागला. लेकीने एकदा हळूच विचारलं, “बाबा, तिकडे कुणी नसेल तेव्हा मी एकदा त्या ओट्यापाशी उभी राहून बघू का?” कवळीवाले हातातली कवळी घासत राहिले, इतकी की तिचा एक सुळा नाहीसा झाला.

आणि मग अधिकाऱ्यांचा प्रामाणिकपणा आड आला.

सचोटीचा माणूस जे दिसेल ते लिहितो. त्यांना असं दिसलं की पुढच्या घराच्या खिडकीतून मागच्या घरातलं सगळं दिसतं. खाजगीपणास बाधा. मूळ निकालात ही बाधा नोंदलेली होतीच, फक्त तेव्हा तिच्यावर उपाय करायला मागे घर नव्हतं. कवळीवाल्यांना खिडकी बुजवण्याची नोटीस आली. खिडकी बुजवली. कामाच्या खोलीत भर दिवसा दिवा लागला, आणि तीस वर्षांत पहिल्यांदा एका बाईंची कवळी एका निवृत्त फौजदारांच्या तोंडात बसवली गेली. ती बसलीही. फौजदार तेव्हापासून जरा लाजऱ्यासारखे हसू लागले.

मग दिसलं की पुढच्या घरामुळे मागच्या घराचा वारा अडतो. मग दिसलं की पुढच्या घरामुळे मागच्या घराला रस्त्यावर यायला बोळातून तिरकं चालावं लागतं. शेवटी मूळ प्रश्न उभा राहिला : हे पुढचं घर इथं मुळात आलं कसं?

“घराची परवानगी दाखवा,” चार नंबरच्या खिडकीवरच्या बाई म्हणाल्या.

“माझ्या वडिलांनी बांधलं. एक्केचाळीस वर्षं झाली. परवानगीची प्रत तुमच्याच कार्यालयात असेल.”

“त्या सालच्या नस्त्या काढून टाकल्या काका.”

“का?”

“जागा नव्हती.”

“मग मागच्या घराची परवानगी कुठं आहे?”

“त्याला लागत नाही. पण त्याचा नकाशा आहे, पाहणी आहे, दर महिन्याचे अहवाल आहेत. किती जाड नस्ती आहे बघा,” त्या म्हणाल्या आणि दोन्ही हातांनी नस्ती उचलून दाखवली. “तुमच्या घराबद्दल आमच्याकडे एक कागद नाही. असं कसं राहिलात इतकी वर्षं?”

घर पाडण्याचा आदेश निघाला. त्यात त्याला ‘अनधिकृत अग्रभूमी बांधकाम’ असं म्हटलं होतं. त्या संध्याकाळी पाहणी अधिकारी स्वतः पुढच्या दाराने आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी चहा घेतला.

“नियमात बसत असतं तर मी आडवा पडलो असतो वहिनी,” ते म्हणाले. “पण मी एक केलंय. माझं नवव्या मजल्यावरचं निवासस्थान पाहणीमुळे रिकामं पडलंय. निवासस्थान रिकामं ठेवणं हा दोष समजला जातो. ते तुम्हाला द्यावं असं मी लिहिलं. वरिष्ठांनी लगेच सही केली.”

“आणि तुम्ही कुठं राहणार?” बायकोने विचारलं.

“मी?” अधिकारी गोंधळले. “मी पाहणीवर आहे ना.”

घर पाडायला अर्धा दिवस पुरला. कवळीवाले रस्त्यापलीकडे खोक्यांत भरलेल्या जबड्यांजवळ उभे होते. शेवटी कामाच्या खोलीची भिंत गेली, आणि मागचं घर एकदम रस्त्यावरून दिसायला लागलं. उन्हात उजळून निघालेलं, व्हरांडा पुढे, खिडकी झाडाकडे. कवळीवाल्यांच्या मनात नको असताना विचार आला, की घर खरंच छान दिसतंय. केसभरही कुठे चूक नाही.

आठवड्याने नवव्या मजल्यावर एक लिफाफा आला. नात आता शाळेत जात होती, तिने तो अडखळत वाचून दाखवला. “प्रस्तावित घराच्या पुढे असलेले बांधकाम हटल्यामुळे सदर घर आता कोणाच्याही मागे राहिलेले नाही. सबब आपला मूळ अर्ज मंजूर करण्यात येत आहे. आपले अभिनंदन. पाहणी पूर्ण होताच ताबा देण्यात येईल.”

पाहणी चालू आहे.

नवव्या मजल्यावर खोल्या दोन, माणसं पाच. गिऱ्हाईकं धापा टाकत वर येतात. कवळीसाठी हिरडीचा ठसा घ्यायचा तर तोंडात मऊ लगदा भरून पाच मिनिटं दाबून धरावा लागतो, आणि तेवढा वेळ माणसाला बोलता येत नाही. ती पाच मिनिटं कवळीवाले ही सगळी हकिकत सांगतात. अर्ज, मंगळवार, तंबू, ओटा, आदेश, सगळं. समोरच्याचे डोळे मोठे होतात, भुवया वर जातात, एखाद्याच्या डोळ्यांतून पाणीही येतं. मग ते अलगद ठसा काढतात आणि समोरचा काय म्हणतो त्याची वाट बघतात.

पहिल्या गिऱ्हाइकाने चूळ भरली आणि विचारलं, “इथं पाणी दिवसभर असतं?”

दुसऱ्या बाईंनी उठून दुसऱ्या खोलीत डोकावून पाहिलं. “दोन्ही खोल्या एवढ्याच आहेत का? भिंतीत कपाट तुम्ही केलंत की कार्यालयाने दिलं?”

तिसरे गृहस्थ शिकलेले होते. त्यांनी खिशातून डायरी काढली. “ती ओळ पुन्हा सांगता का? ‘राहून बघावे’ की ‘राहून पाहावे’? आमच्याही घरामागं थोडी जागा आहे.”

त्या वर्षी कार्यालयात ती ओळ असलेले दोनशे अकरा अर्ज आले. चार नंबरच्या बाईंचं काम वाढलं, म्हणून शेवटी ती ओळ अर्जातच छापून घेण्यात आली. आता निम्मे अधिकारी पाहणीवर असतात आणि त्यांची निवासस्थानं भराभर रिकामी होतात.

“कशाला सांगता प्रत्येकाला?” बायको एकदा म्हणाली. “घसा कोरडा होतो तुमचा.”

“कुणीतरी एकदा म्हणेल.”

“काय म्हणेल?”

“की वाईट झालं.”

बायकोने हातातलं काम बाजूला ठेवलं. त्यांच्याजवळ येऊन बसली. “मी म्हणते. फार वाईट झालं. चला, जेवून घ्या.”

“घरच्यांचं धरत नाहीत,” कवळीवाले म्हणाले.

ते अजून वाट बघत आहेत. तुम्ही ही हकिकत इथवर शांतपणे वाचलीत, तोंडात लगदा नसतानाही मध्ये एक अक्षर बोलला नाहीत. तेव्हा तुमच्या मनात मघापासून काय आहे, ते विचारायला संकोच करू नका. लिफ्ट आहे. पण ती सातव्या मजल्यापर्यंतच जाते.